कापडाचं बारसं

"इथे कोणी बाळंतीण आहे का हो?"

दाराबाहेर कोणीतरी शिपायाला हळूच विचारत होतं. शिपाई काही बोलायच्या आत मास्तरांनी आतूनच उत्तर दिलं, "आहे. दहा दिवस व्हायचेत अजून. बाहेर बसा."

तो माणूस खरंच बाहेर बसला. पडद्याच्या कापडाचा विक्रेता होता, पुण्याहून नमुन्यांची बॅग घेऊन आला होता. अर्ध्या तासाने त्याला आत घेतलं तेव्हा तो पायातले बूट काढून आला.

चूक त्याची नव्हती. आमच्या ऑफिसच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर वीतभर लांबीरुंदीचे कापडाचे तुकडे वाळत असायचे. पांढरे, पिवळे, फुलाफुलांचे. खाली टेबलं, टाइपरायटर, फायली. दारातून डोकावणाऱ्याला कोणा तान्ह्या बाळाची दुपटी वाटली तर नवल नव्हतं. मीही पहिल्या दिवशी दारातच थांबले होते. फरक इतकाच, की मी कोणाला विचारलं नाही.

पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीचा इस्टेट विभाग होता तो. कामगारांची क्वार्टर्स, दवाखाना, कॅन्टीन, गेस्ट हाउस, लग्नासाठी भाड्याने मिळणारा हॉल, या सगळ्यांची देखभाल आमच्याकडे होती. तिथे लागणारं कापड, म्हणजे पडदे, चादरी, सोफ्यांची कव्हरं, मास्तरांनी पास केल्याशिवाय आत येत नसे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापूरच्या एका गिरणीत ते विणकाम खात्याचे मास्तर होते, ते नाव इथेही त्यांच्यामागून आलं. गिरणी का सोडली, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "शिक्का चुकीचा होता." पुढे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला घेतलं ते इंग्रजीसाठी. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, नंतर बी.ए., टायपिंग. मराठी मी नीट बोलत असे, पण लिहिताना वेलांट्या चुकत, म्हणून लिहायचं टाळत असे. बोलायचंही टाळत असे, त्याला मात्र काही कारण नव्हतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी माझ्या टेबलावर एक तागा ठेवला, त्याचं टोक उलगडलं आणि काठाजवळचा निळा शिक्का दाखवला.

"वाचा, मिस."

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला मिस म्हणत होता. मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, थिएटरात गाणं ऐकतात तसं. संपल्यावर म्हणाले, "लिहिलेलं सगळं वाचायचं. न लिहिलेलं मी बघतो."

आमची कामाची वाटणी एवढीच होती आणि ती दोन वर्षं टिकली.

त्यांना इंग्रजी येत नाही, असं मी काही महिने समजत होते. एकदा बसमध्ये ते इंग्रजी पेपर वाचताना दिसले. मला बघून त्यांनी तो घडी घालून ठेवला नाही, उलट सरकून जागा दिली. मग मी धीर करून विचारलं, की तुम्हाला वाचता येतं तर मला का वाचायला लावता. ते म्हणाले, डोळा घाईत असतो, त्याला हवं तेवढंच बघतो; कानाला तशी सोय नाही.

लेबलाबद्दल त्यांचं मत स्थळाच्या पत्राबद्दल असतं तसं होतं. त्यात खोटं सहसा नसतं, सांगायचं राहिलेलं असतं. "पक्का रंग" असं लिहिलंय, कशाला पक्का? पाण्याला, उन्हाला की घासण्याला? "कॉटन फिनिश" लिहिलंय, म्हणजे कॉटन नाही. असतं तर नुसतं कॉटन लिहिलं असतं. "मिश्र सूत" लिहिलंय, पण किती मिश्र ते लिहिलेलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं नाही. "धुता येतं." कोणाला, कशात? "आटवलेलं आहे." सगळं आटलं की थोडं आपल्यासाठी ठेवलंय?

त्याच वर्षी माझ्या वडिलांनी माझी माहिती एका स्थळाला लिहून पाठवली होती. ती प्रत मी पाहिली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शांत, घरकामाची आवड. मास्तरांच्या पद्धतीने मी ती मनात एकदा वाचली आणि परत कपाटात ठेवली.

तर, न लिहिलेलं बघायची त्यांची रीत अशी. नवीन कापड आलं की त्याचा एक तुकडा कापायचा, चारी बाजूंनी लाल दोऱ्याने दुमडून शिवायचा, मापायचा. मग त्याला सोयेर लागलं असं धरायचं. दहा दिवस त्याला कोणी शिवायचं नाही, पास करायचं नाही, साहेबांना दाखवायचं नाही. दहा दिवसांत तीन आंघोळी. जे कापड जिथे राहणार तिथलीच आंघोळ. दवाखान्याचं असेल तर लाँड्रीच्या उकळत्या सोड्यात, क्वार्टर्सचं असेल तर नळाच्या पाण्यात साबण लावून दगडावर. उरलेला वेळ पश्चिमेच्या खिडकीत, उन्हात. एक सूत ओढून काडीने जाळायचं आणि वास घ्यायचा. कागदाचा वास आला तर सुती, केसांचा आला तर रेशीम किंवा लोकर, आणि टोकाला टणक मणी धरला तर नायलॉनसारखं काहीतरी. मलाही वास घ्यायला लावत. पहिल्यांदा मला शिंका आल्या. मास्तर म्हणाले, "येऊ द्या. खोट्याला नाकाने पकडायचं असतं."

बाराव्या दिवशी बारसं. मास्तर पुठ्ठ्याचा छोटा तुकडा कापून त्यावर मराठीत स्वतःचं लेबल लिहीत आणि टाचणीने तुकड्याला लावत. "दिसायला बरं. उन्हात ठेवू नये." "रंग सोडतं, पण एकदाच." "सुती म्हणतं, नाही." "गरिबाचं आहे, टिकेल." मग फाइल साहेबांकडे जाई. प्रत्येक लेबलाची एक प्रत ते पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवत; मी असताना त्यात चारेकशे लेबलं होती.

आंघोळ घालायचं काम कोंडाबाईंचं. त्या चिखलीहून पायी यायच्या, ऑफिस झाडायच्या आणि तुकडे धुवायच्या. त्यांना या सगळ्याचं हसू येत नसे. त्यांचं म्हणणं, "माणसाला बी असंच दहा दिस बगून घेतलं तर लई भांडणं वाचतील."

माणसांनाही मास्तर लेबलं देत, फक्त ती टाचणीने लावत नसत. कोंडाबाईंचं होतं, "आटत नाही." साहेबांचं, "दर्शनी बाजू चांगली." हे साहेबांपर्यंत कोणी पोचवलं नाही, मीही नाही. माझं काय, असं मी कधी विचारलं नव्हतं. एकदा ते आपणहून म्हणाले, "तुमचे दहा दिवस भरले नाहीत अजून, मिस." मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं.

ऑफिसमधल्या एका मुलाचं लग्न चिंचवडला होतं. आम्ही सगळे गेलो. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, भटजींनी आंतरपाट धरला होता, आणि मास्तर अक्षता हातात घेऊन पुढे पुढे सरकत थेट आंतरपाटापाशी पोचले. मुलीच्या मामांना वाटलं, कोणी जवळचे असतील. मास्तरांनी आंतरपाटाचा कोपरा उलटा करून काठ बघितला, दोन बोटांत चोळला, आणि परत माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मिश्र आहे," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे, चालेल."

या शिक्षणाचा माझ्यावर एक परिणाम झाला. आईने दिवाळीला सोफ्यावरच्या उशांसाठी शुद्ध रेशमी अभ्रे आणले, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. एका दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी एका अभ्र्याचं सूत ओढून जाळलं. टणक मणी आला. मी काडी बाहेर टाकली, खिडकी उघडली आणि कोणाला काही सांगितलं नाही. आई अजून ते अभ्रे पाहुण्यांसमोर काढते. मला तेव्हा वाटायचं, कळलेलं न बोलणं म्हणजे सभ्यपणा.

आता गेस्ट हाउसची गोष्ट.

मास्तरांना त्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होत होती. कंपनीत दोन वर्षांची मुदतवाढ मिळे, विभागप्रमुखाने, म्हणजे आमच्या साहेबांनी, शिफारस केली तर. मुदतवाढ नाही मिळाली तर त्यांना सोलापूरला भावाच्या घरी जायचं होतं. पत्नी पूर्वीच गेलेली, मूल नव्हतं. भाऊ चांगला होता, त्याने जिन्याखालच्या जागेत कॉटसुद्धा टाकून ठेवली होती. मास्तर सुट्टीत जाऊन बघून आले. कशी आहे जागा, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दोरी बांधता येईल. पण खिडकी नाही."

शिफारशीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. त्याच सुमारास परदेशातून सहा तंत्रज्ञ येणार असल्याचं कळलं आणि गेस्ट हाउसचे सोळा खिडक्यांचे पडदे बदलायचं ठरलं. साहेबांनी मुंबईहून एक नमुना आणला. मोतिया रंगाचं, झुळझुळीत, हाताला गार लागणारं कापड. मी इतकं सुंदर पडद्याचं कापड त्याआधी पाहिलं नव्हतं. साहेब स्वतः आमच्या खोलीत आले, दोरीखालून वाकून.

"मास्तर, पाहुणे सोमवारी येतायत. आज ऑर्डर गेली पाहिजे."

मास्तर म्हणाले, दहा दिवस.

"अहो, कापड आहे, जावई नाही." साहेब स्वतःच हसले. मग ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, की तुमचा तो कागदही आज-उद्या वर पाठवायचाय, वरच्यांना अडवणूक करणारी माणसं आवडत नाहीत.

मास्तरांनी नमुना माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "वाचा, मिस."

नमुन्याला एक छापील कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. मी उभी राहून वाचू लागले. साहेब माझ्या अगदी समोर उभे होते आणि घड्याळ बघत होते. मी रुंदी वाचली. सुताचा प्रकार वाचला, सिल्क फिनिश वाचलं. रंग उन्हाला पक्का, हे वाचलं. माझा आवाज एरवीही लहान, त्या दिवशी तो मलाच ऐकू येत नव्हता. शेवटी सगळ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मला दिसत होती. फक्त गार पाण्यात धुवावे, गरम पाण्यात आटते.

"बास, बास," साहेब म्हणाले. "रंग पक्का आहे ना? झालं तर."

मी थांबले.

मास्तरांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ते उघडले आणि मला विचारलं, "झालं?"

मी मान हलवली. साहेबांनी चिठ्ठीसकट नमुना फाइलमध्ये घातला, मास्तरांनी पहिल्यांदाच सोयेर न पाळता सही केली, आणि फाइल गेली.

पडदे वेळेवर लागले. आत अस्तर मात्र मास्तरांनी स्वतःच्या साठ्यातलं मांजरपाट लावलं, तीनदा उकळून काढलेलं. पाहुण्यांनी गेस्ट हाउसचं कौतुक केल्याचं साहेबांनी दोनदा सांगितलं. मला त्या दिवसांत झोप नीट लागायची, हे कबूल केलं पाहिजे. पडदे धुवायला टाकतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार केला नाही.

पाहुणे गेल्यावर गेस्ट हाउसच्या खानसाम्याने सगळे पडदे लाँड्रीत पाठवले. आमच्या लाँड्रीत एकच रीत होती, सोडा आणि उकळी. चौथ्या दिवशी पडदे परत लागले आणि साहेबांना बोलावणं गेलं. आम्हीही गेलो.

सोळाच्या सोळा खिडक्यांत मोतिया कापड हातभर वर चढलं होतं. मास्तरांचं अस्तर जागचं हललं नव्हतं, ते खाली तसंच सरळ लोंबत होतं.

कोंडाबाई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाया लुगडं वर खोचून वड्यातनं निगाल्यात जनू. समद्यांचं परकर दिसाय लागलं की."

साहेबांनी फाइल मागवली, चिठ्ठी काढून वाचली आणि मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी चष्मा लावून ती वरपासून वाचली. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. ते खिडकीकडे गेले, एका पडद्याचा काठ हातात घेतला, आणि वितेने मोजलं किती आटलंय ते.

परत जाताना कोंडाबाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. कंपनीचा भोंगा झाला, पहिली शिफ्ट सुटली, सायकलींची गर्दी आमच्या बाजूने गेली. ती ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, तुमीच वाचलं व्हतं ना त्ये? तुमाला न्हाई दिसलं?"

मी म्हणाले, की घरी जायला उशीर होतोय. तीन वाजले होते.

त्या आठवड्यात दोऱ्यांवर एकही नवा तुकडा आला नाही. नवीन तागे येत होते, पण मास्तर त्यांना हात लावत नव्हते. ते मला लेबल वाचायला सांगत नव्हते, बाकी बोलत होते पूर्वीसारखंच, मिस चहा घ्या, मिस पंखा कमी करा. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शुक्रवारी त्यांनी दोऱ्या सोडल्या. गुंडाळी करून त्यांनी त्या खोक्यात ठेवल्या, लेबलांच्या वर. रिकामी खोली एकदम साध्या ऑफिससारखी दिसायला लागली. एक विक्रेता आला आणि काही न विचारता सरळ आत शिरला.

मास्तरांनी पुढे मलाही एक लेबल दिलं. पुठ्ठ्याचं, त्यांच्या अक्षरातलं, टाचणीसकट. ते अजून माझ्याकडे आहे. त्यावर काय लिहिलंय ते मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही आणि इथेही दाखवणार नाही. पण ते मिळालं कशामुळे ते सांगायला हरकत नाही.

शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी होते. एक पडद्याची चिठ्ठी, दुसरा मुदतवाढीचा. मला खुर्ची दिली. मास्तर उभे राहिले.

"ही चिठ्ठी कोणी वाचली होती?" साहेबांनी विचारलं. त्या दिवशी ते स्वतः माझ्यासमोर उभे होते, तरी त्यांनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? मग वाचायला ह्यांना कशाला ठेवलंय?"

"कापड पास करतो त्यानेच ते वाचलेलं असतं, साहेब. ह्या फक्त बोलून दाखवतात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या कडेकडे बघितलं. वर सनमायका होता, लाकडाच्या रेषा छापलेल्या. हे लाकूड नाही, असं त्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

साहेब म्हणाले, की मग प्रश्नच मिटला. सोळा खिडक्यांचं कापड वाया गेलंय, वर कारण लिहून द्यावं लागेल, आणि ज्या माणसाला साधी चिठ्ठी पूर्ण वाचता येत नाही त्याची शिफारस मी कोणत्या तोंडाने करू. वय होतं माणसाचं, मास्तर, ते मान्य केलं पाहिजे.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि मुदतवाढीचा कागद पुढे ओढला. मास्तरांनी डोळे मिटले. वाचून दाखवायला सुरुवात केली की मिटत तसेच.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकताना मोठा आवाज झाला, आणि साहेबांनी मान वर केली. मी टेबलावरची चिठ्ठी उचलली, शेवटच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं, आणि बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"साहेब, ही ओळ मला त्या दिवशी दिसली होती. तुम्ही बास म्हणालात, म्हणून मी ती वाचली नाही."